गडद डाग पडणारा टिश्यूच बेस्ट कंट्रोल? थोडं थांबा

लॅबच्या ग्रुपवर हे वर्षानुवर्षं फिरतंय: इम्युनोस्टेनिंगसाठी (अँटीबॉडी लावून टिश्यूतलं ठरावीक प्रोटीन रंगवून बघणं) पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे ज्यात डाग यायलाच हवा असा पडताळणीचा टिश्यू, घ्यायचा तर ज्यात सगळ्यात गडद डाग येतो तो टिश्यू घ्या. ऐकायला पटतं, मीपण बरेच दिवस तसंच करायचो.

पण बघा, ज्या पेशीत प्रोटीन ठासून भरलंय ती पेशी, अँटीबॉडी थोडी कमजोर झाली, रिट्रीव्हल (फिक्सेशनने झाकलेलं प्रोटीन पुन्हा उघडं करणं) कमी पडलं तरी तपकिरी होणारच, म्हणजे कंट्रोल पास आणि पेशंटच्या ट्यूमरमधला हलका पॉझिटिव्ह मात्र हातातून निसटला. सीडी५ हे पेशींवरचं प्रोटीन घ्या. टॉन्सिलमधल्या टी पेशी यात भडक रंगतात, पण खरी परीक्षा मँटल झोनमधल्या (टॉन्सिलमधल्या फॉलिकलचं, म्हणजे बी पेशींच्या पुंजक्याचं, बाहेरचं कडं) काही बी पेशींची, कारण त्यांच्यात सीडी५ अगदी हलकं असतं, आणि सीएलएलच्या (बी पेशींचा एक रक्ताचा कॅन्सर) पेशींतही ते बहुतेक वेळा टी पेशींपेक्षा फिकंच असतं. हर-टूचंही (ब्रेस्ट कॅन्सरमध्ये तपासतात ते प्रोटीन, डाग ० ते ३+ असा मोजतात) तेच, नुसता ३+ टिश्यूचा ब्लॉक ठेवून भागत नाही, शेजारी १+, २+ आणि ० पण हवेत.

स्वतः बघायचंय? अँटीबॉडी नेहमीच्या डायल्युशनवर आणि मग मुद्दाम चौपट पातळ करून त्याच टॉन्सिलवर लावा. टी पेशी बहुधा तशाच झकास दिसतील, आधी बी पेशीच गायब होतील.

आणि हो, ज्यात डाग पडायलाच नको अशा पेशीही त्याच स्लाइडवर बघायच्या, सीडी५ला टॉन्सिलचं एपिथेलियम (वरचं अस्तर) कोरं राहिलं पाहिजे. कंट्रोलचं फिक्सेशनपण (टिश्यू रसायनात टिकवणं) पेशंटच्या टिश्यूसारखंच हवं, एक फॉर्मालिनमधला आणि दुसरा अल्कोहोलमधला असेल तर तुलना कशाची करणार?