सिंक होणारं फोल्डर आणि व्हॉल्ट: एकच असेंब्ली दोघांत असते तेव्हा

मी भोसरीत बसतो, भागीदार साताऱ्यात. दोघं मिळून मशिनिंगची फिक्श्चर (मशिनवर जॉब पक्का धरणारी साधनं) डिझाइन करतो. सुरुवातीला आमच्या सॉलिडवर्क्सच्या (थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर) सगळ्या फाइली ड्रॉपबॉक्सवर असायच्या आणि ‘आमचा डेटा एकाच जागी असतो’ असं आम्ही छातीठोकपणे सांगायचो. खरं तर तो दोन जागी होता: एक प्रत माझ्या डिस्कवर, एक त्याच्या, आणि मधे निरोप्यासारखं धावणारं सॉफ्टवेअर.

पीडीएमचा, म्हणजे डिझाइनच्या फाइली सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा, व्हॉल्ट वरवर अगदी तसाच दिसतो. विंडोजमधलंच एक फोल्डर, आत फाइली, जुन्या आवृत्त्याही मिळतात. म्हणून ‘ड्रॉपबॉक्स आहे की, मग हे कशाला?’ असं कुणीही विचारतं. आम्हीही विचारलं होतं.

फरक कळला तो एका ब्रॅकेटमुळे. लोकेटिंग पिनची भोकं मी १२ मिमीची १६ केली. त्याच वेळी त्यानं तोच पार्ट उघडून कडा चॅम्फर केल्या, म्हणजे तिरप्या कापल्या. सॉलिडवर्क्स फाइल उघडताना शेजारी ‘~$’नं सुरू होणारी एक छोटी फाइल ठेवतं. एखाद्या ऑफिसच्या सर्व्हरवर ती दिसली की दुसऱ्याला पार्ट फक्त रीड-ओन्ली मिळतो. ड्रॉपबॉक्स मात्र अशा फाइली सिंकच करत नाही. त्यामुळे पार्ट दुसऱ्याकडे उघडा आहे, हे दोघांनाही कळलं नाही. दोघांनी सेव्ह केलं आणि माझं काम ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ अशा नावाच्या वेगळ्या फाइलीत जाऊन पडलं.

वर्डची फाइल असती तर दोन्ही वाचून एक केली असती. पार्टचं तसं होत नाही, फीचर्स परत करावी लागतात. त्याहून वाईट म्हणजे असेंब्ली (सगळे पार्ट जोडलेली फाइल) पार्टला नावानं हाक मारते. नाव बदललेल्या कॉपीकडे ती बघतच नाही. तिनं मूळ नावाचा पार्ट उचलला, एकही एरर दिली नाही, आणि १२च्या भोकांचं ड्रॉइंग शॉपमध्ये गेलं.

व्हॉल्टमध्ये हे घडत नाही, कारण तिथे आधी फाइल चेक-आउट करावी लागते. ती माझ्याकडे असेपर्यंत त्याला ती बघता येते, शेजारी माझं नाव दिसतं, पण बदलता येत नाही. मी चेक-इन केलं, म्हणजे ती परत जमा केली, की नवी आवृत्ती तयार होते. सिंकवाल्याला फक्त फाइल बदलली एवढंच कळतं. पाळी कुणाची, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

नाव बदलण्याचंही तसंच. एक्स्प्लोररमध्ये जाऊन पार्टचं नाव बदललं की असेंब्ली जुनंच नाव शोधत बसते. व्हॉल्टमध्ये कोणता पार्ट कुठे वापरलाय याची नोंद डेटाबेसमध्ये असते, त्यामुळे तिथून बदललेलं नाव असेंब्लीलाही कळतं. जुनी आवृत्ती परत आणताना तर ही नोंद सोन्यासारखी. ड्रॉपबॉक्स एकेक फाइल मागे नेतं. पण त्या दिवशीच्या असेंब्लीत कोणत्या पार्टची कितवी आवृत्ती होती, ते व्हॉल्टच सांगतो.

एका बाबतीत मात्र उलटं आहे. सिंकमध्ये नवी फाइल आपोआप येते, व्हॉल्टमध्ये ‘गेट लेटेस्ट’ म्हणावं लागतं. फोल्डरची सवय झालेला माणूस इथे हमखास ठेचकाळतो आणि आठवडाभर जुन्याच पार्टवर मेट (पार्ट एकमेकांशी जुळवणारी बंधनं) लावत बसतो.

सॉलिडवर्क्स पीडीएम स्टँडर्ड हे प्रोफेशनल आणि प्रीमियम लायसन्सबरोबर येतं, म्हणजे सॉफ्टवेअरसाठी वेगळे पैसे नाहीत. पण सर्व्हर, त्यावर एसक्यूएल डेटाबेस आणि दोन गावांमध्ये व्हीपीएन (इंटरनेटवरची खासगी जोडणी) हे सगळं कुणीतरी सांभाळायला हवं. ऑनशेप या दुसऱ्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये ब्राउझरवरच काम चालतं, फाइलच नसल्यानं हा घोळही नाही. फक्त मोफत खात्यातलं डिझाइन सगळ्यांना खुलं असतं, त्यामुळे गिऱ्हाइकाचा पार्ट तिथे ठेवू नका.

आमचा सर्व्हर अजून यायचाय. तोवर सबअसेंब्ली वाटून घेतल्यात: बेस आणि लोकेटर माझे, क्लॅम्पिंग त्याचं. दुसऱ्याच्या पार्टला हात लावायचा तर आधी फोन. आणि ड्रॉइंग सोडण्याआधी पॅक अँड गो करून (असेंब्ली आणि तिचे सगळे पार्ट एकत्र बांधून) झिप बाजूला ठेवायची, तीही सिंक फोल्डरच्या बाहेर.