उंदरांमध्ये रक्तक्षय घडवून औषध तपासायचंय? आधी फॉर्म बी

शेवग्याचा पाला किंवा पुनर्नवा मंडूर घेऊन रक्तक्षयावर प्रबंध करणारे एम. फार्म.चे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. उंदरांत रक्तक्षय घडवणाऱ्या फिनाइलहायड्रॅझिन या रसायनाची बाटली आणून झालेली असते, परवानगीचा मात्र पत्ता नसतो. मागच्या तारखेची परवानगी मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

फॉर्म बी म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज. तो विद्यार्थ्याच्या नव्हे, मार्गदर्शकाच्या नावाने जातो. संस्थेची सीसीएसईएकडे, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीकडे, नोंदणी हवी. या समितीला आधार 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचा. उंदीर, ससे यांसारख्या लहान प्राण्यांचे प्रस्ताव संस्थेची प्राणी नीतिशास्त्र समितीच मंजूर करते. तिथे पशुवैद्य असतो, बाहेरचा शास्त्रज्ञ आणि सीसीएसईएचा प्रतिनिधीही. कुत्र्या-माकडांचा प्रस्ताव पुढे सीसीएसईएकडे जातो.

फॉर्म बीसोबत आधीच्या संशोधनाचा आढावा, प्राणी जिथून आणणार त्या पैदास केंद्राचा नोंदणी क्रमांक, हाताळणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे दाखले, वनस्पती असेल तर तिच्या ओळखीचं प्रमाणपत्र, एवढं जोडून ठेवा.

खरी अडचण पुढच्या दोन रकान्यांत.

पहिला, प्राण्यांची संख्या. निरोगी, रक्तक्षयी पण विनाउपचार, लोहाचं प्रचलित औषध आणि तुमच्या औषधाच्या दोन मात्रा, असे सहा-सहाचे पाच गट म्हणजे 30 उंदीर. विनाउपचार गट वगळू नका. फिनाइलहायड्रॅझिन थांबवलं की दोन-तीन आठवड्यांत हिमोग्लोबिन आपोआपच वर चढतं, मग श्रेय औषधाचं की उंदराचं? शिवाय या रसायनाने तांबड्या पेशी फुटतात, त्यांतलं लोह बहुतांशी शरीरातच राहतं. ‘लोहाची कमतरता’ असं शीर्षक असेल तर कमी लोहाचा आहार देऊनच रक्तक्षय घडवा. चांगला पशुवैद्य नेमकं इथेच पकडतो, आणि पकडावंच.

दुसरा, रक्ताचे नमुने. 200 ग्रॅमच्या उंदरात जेमतेम 13 मिली रक्त. दोन आठवड्यांत त्याच्या दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे 1.3 मिली काढणं ठीक मानतात. पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी अर्धा-अर्धा मिली काढलात तर 2 मिली होतात. मग रक्तक्षय रसायनाने झाला की तुमच्या सुईने? आधीच रक्त कमी असलेल्या जनावराच्या बाबतीत हात आणखी आखडता घ्या. अशक्त उंदराचा प्रयोग कुठल्या लक्षणावर थांबवणार, हेही स्पष्ट लिहा. ‘गरजेनुसार’ असं लिहिलेले अर्ज परत येतात.

मंजुरीपत्रावर प्राण्यांचा आकडा असतो. मध्येच दोन उंदीर दगावले आणि बदली हवे झाले, तर पिंजरा उघडण्याआधी समितीकडे सुधारित अर्ज करावा लागतो.