झिजलेल्या नाण्याची साक्ष

१९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३,००० हून अधिक असलेली ही नाणी क्षहरात वंशातील शक क्षत्रप, म्हणजे प्रांताधिपती, नहपानाची होती. एका बाजूला राजाचा चेहरा आणि ग्रीक लिपीतील मजकूर, दुसऱ्या बाजूला बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठीत त्याचे नाव, अशी त्यांची घडण होती. त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर मात्र जुन्या ठशावरच नवा ठसा मारलेला आढळला. असे नाणे तिरप्या उजेडात धरले, की राजाच्या गालावर उमटलेली तीन कमानींची टेकडी दिसते, तिच्याभोवती सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव असते आणि कडेला ग्रीक अक्षरांचे तुकडे अजून तग धरून असतात.

गौतमीपुत्राने क्षहरातांचा वंश निखंदून काढला, असे नाशिकच्या लेण्यातील शिलालेख सांगतो. पण तो लेख राजाच्या आईने, गौतमी बलश्रीने, कोरवून घेतलेला असल्याने त्यातील स्तुती जपूनच वाचावी लागते. नाण्यावरचा वरचा ठसा खालच्यानंतरचा असणार, याबद्दल मात्र वाद घालता येत नाही. शिवाय जेत्याने ही चांदी वितळवली नाही, त्याच नाण्यांवर आपली मुद्रा उमटवून ती चलनात ठेवली. म्हणजे शत्रूच्या नाण्याचे वजन आणि कस त्याला मान्य होता, असे मानायला जागा आहे. राज्य बदलले तरी बाजार चालूच राहिला, ही माहिती कोणत्याही प्रशस्तीत मिळाली नसती.

नाव किंवा वर्ष नसलेली नाणीही बोलतात, पण त्यांना बोलते करायला तराजू लागतो. भारतातील सर्वांत जुन्या आहत नाण्यांवर सूर्य, हत्ती, टेकडी यांसारखी चिन्हे ठोकलेली असतात, राजाचे नाव कुठेच नसते. तक्षशिलेच्या भीर टेकाडात १९२४ मध्ये अशा हजाराहून अधिक नाण्यांचा साठा मिळाला आणि त्यातच अलेक्झांडरची व त्याच्यानंतर गादीवर आलेल्या फिलिपचे अशी थोडी ग्रीक नाणी जवळजवळ कोरी निघाली. त्यामुळे साठा इसवी सनपूर्व चौथ्या शतकाच्या अखेरीस पुरला गेला असावा, हे ठरवता आले. गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुढे या साठ्यातील नाण्यांच्या वजनांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण केले. एका मानाची नाणी टांकसाळीतून जवळपास सारख्या वजनाने बाहेर पडतात, मग हाताळणीत प्रत्येक नाणे थोडेथोडे झिजते आणि चलनातील काळ वाढत जाईल तसे गटाचे सरासरी वजन घटत जाते. नाण्याच्या मागील बाजूस जितकी लहान चिन्हे जास्त, तितके सरासरी वजन कमी, हा संबंध कोसंबींनी दाखवला. सुटे नाणे यातले काहीच सांगत नाही, कारण ते मुळातच किंचित हलके पाडलेले असू शकते.

उत्खननात थराचा काळ ठरवताना नाण्याचा मोठा आधार असतो, मात्र तो एकाच बाजूने. नाण्यावरचे वर्ष एवढेच सांगते, की हा थर त्याआधीचा नाही. चांगल्या चांदीचे नाणे पिढ्यान् पिढ्या फिरू शकते. साठे आणि सुटी सापडणारी नाणी यांतही फरक करावा लागतो, कारण माणूस पुरून ठेवतो ते निवडक आणि कसदार, हातून पडते ते बहुधा किरकोळ.

धातूची परीक्षाही वाटते तितकी सरळ नाही. तिसऱ्या शतकात रोमन साम्राज्याने चांदीच्या नाण्यात इतके तांबे मिसळत नेले, की २७० च्या सुमारास त्यात पाच टक्क्यांहूनही कमी चांदी उरली. वरचा रुपेरी मुलामा मात्र कायम होता. असा मुलामा नसला तरी जमिनीत पडून राहिलेल्या नाण्याच्या पृष्ठभागातील तांबे आधी निघून जाते. क्ष-किरणांची नेहमीची चाचणी केवळ हीच पातळ साल तपासत असल्याने नाणे प्रत्यक्षाहून शुद्ध भासते. म्हणून संशोधक कडेला बारीक छिद्र पाडून आतला नमुना घेतात किंवा, नाण्याला धक्का लावायचा नसेल तर, न्यूट्रॉनच्या झोताने त्याचे अंतरंग तपासतात.

नाणी चकचकीत करण्याची घाई इथेच नडते. गंजाच्या थरात कधीकधी ज्या कापडी पिशवीत नाणी होती तिच्या धाग्यांची वीण उमटून राहिलेली असते, आणि आम्लाच्या एका आंघोळीत ती कायमची धुऊन जाते.