पौगंडावस्थेतील उंचीवाढ

बालपणातील संथ वाढीनंतर वयात येताना उंची काही वर्षे झपाट्याने वाढते आणि त्यानंतर कायमची थांबते. शाळकरी वयात मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी. वाढते, पौगंडावस्थेच्या ऐन भरात मात्र हा वेग मुलींमध्ये ८ ते ९ सेंमी., तर मुलग्यांमध्ये ९ ते १० सेंमी.पर्यंत जातो. फ्रान्समधील काउंट द मोंबेयार यांनी आपल्या मुलाची उंची १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षे नियमितपणे मोजून ठेवली होती. बुफाँ या निसर्गअभ्यासकाने प्रसिद्ध केलेल्या या नोंदींवरून पुढे काढलेल्या आलेखात, जन्मापासून उतरत आलेला वाढीचा वेग पौगंडावस्थेत पुन्हा उसळी घेताना स्पष्ट दिसतो.

हाडे लांबतात ती त्यांच्या टोकांजवळील कूर्चेच्या (हाडापेक्षा मऊ, लवचीक ऊतीच्या) पातळ पट्ट्यांत. तेथील पेशी विभागतात, फुगतात आणि त्यांची जागा हळूहळू हाड घेते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष (पिट्युइटरी) ग्रंथीतून मुख्यतः गाढ झोपेत स्रवणारे वृद्धी संप्रेरक (हार्मोन) आणि गळ्यातील अवटू (थायरॉइड) ग्रंथीचे संप्रेरक या कामाला चालना देतात. वयात येताना त्यांत लैंगिक संप्रेरकांची भर पडते. या प्रक्रियेतील सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की, जे इस्ट्रोजेन हे स्त्री-लैंगिक संप्रेरक वाढीला वेग देते, तेच अखेरीस या पट्ट्या बुजवून वाढ थांबवते, आणि हे मुलग्यांनाही लागू पडते, कारण त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या पुरुष-लैंगिक संप्रेरकाच्या काही भागाचे इस्ट्रोजेन होते. १९९४ मध्ये वर्णन झालेल्या एका अमेरिकी पुरुषाच्या पेशींवर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. २८व्या वर्षीही त्याच्या पट्ट्या उघड्या होत्या आणि २०४ सेंमी. उंचीवरही त्याची वाढ चालूच होती.

मुलींमध्ये वाढीचा सर्वाधिक वेग साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलग्यांमध्ये सुमारे दोन वर्षांनी येतो, म्हणूनच सहावी-सातवीच्या वर्गात मुली उंच दिसतात. मुलग्यांना बालपणातील वाढीची ही दोन जादा वर्षे मिळतात आणि त्यांचा पौगंडावस्थेतील वेगही अधिक असतो, त्यामुळे प्रौढ स्त्री-पुरुषांच्या सरासरी उंचीत सुमारे १३ सेंमी. फरक पडतो. पाळी आली की उंची खुंटते, ही समजूत पूर्णपणे खरी नाही. पहिली पाळी वेगाचा कळस उलटून गेल्यावर येते हे खरे, परंतु त्यानंतरही मुलगी साधारण ५ ते ७ सेंमी. वाढते. शरीराचे सर्व भाग एकाच वेळी वाढत नाहीत. आधी पावले, मग पाय आणि शेवटी धड लांबते, आणि म्हणून या वयात चपला कपड्यांच्याही आधी लहान होतात.

अंतिम उंची मुख्यतः आनुवंशिकतेवर ठरते, तरी दीर्घकाळचे कुपोषण आणि आजारपण ती कमी करतात. बारला लटकल्याने किंवा डबाबंद पावडरींनी हाडे लांबत नाहीत. वर्गात मागे पडलेल्या अनेक मुलांची वाढ केवळ उशिरा सुरू होणारी असते. अशा वेळी डाव्या हाताच्या व मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय काढतात, आणि ते खऱ्या वयापेक्षा कमी निघाल्यास वाढीला अजून अवधी असतो. भारतीय मुलांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांचे सुधारित वाढ-आलेख प्रसिद्ध केले असून, त्या कामात पुण्याचे वामन खाडिलकर अग्रभागी होते. अशा आलेखावर दर सहा महिन्यांनी केलेली नोंद एकदाच घेतलेल्या मापापेक्षा कितीतरी अधिक सांगते. पट्ट्या बुजल्यानंतर वृद्धी संप्रेरकाची इंजेक्शनेही उंची वाढवू शकत नाहीत, म्हणून मंदावलेला वेग वेळीच लक्षात येणे फार महत्त्वाचे असते.