डबा तोट्यात, पैसा गेममध्ये: कन्सोलवाल्यांच्या भांडणाची पार्श्वभूमी

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगून टाकलं की त्यांचा हेलो हा गेम आता पीएस५ वर, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ५ वर पण येणार. ज्या गेमच्या जिवावर मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) एक्सबॉक्स उभा राहिला तोच सोनीच्या मशीनवर, मग एक्सबॉक्स घ्यायचाच कशाला, हा प्रश्न ठाण्या-वाशीतल्या कुठल्याही गेमिंगवाल्या पोराला पडणारच. पण त्यासाठी बरंच मागे जावं लागतं, कारण ही भांडणं वरून मशीनची दिसतात आणि पैसा भलतीकडेच असतो.

हिशोब असा की मशीन जेमतेम भावात, कधी चक्क तोट्यात विकायचं आणि पुढे त्यावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममागे आपला वाटा घ्यायचा. आता हे चालायला आपल्या परवानगीशिवाय कोणी गेम काढता कामा नये, आणि नेमकं तेच अटारी या अमेरिकन कंपनीला जमलं नाही. १९७७ चा त्यांचा कन्सोल अटारी २६०० तुफान चालला, मग कोणीही उठून त्याच्या कॅसेट काढायला लागलं, दुकानं भंगार गेम्सनी भरली आणि १९८३ ला अमेरिकेतलं मार्केट आडवं झालं. न खपलेला माल न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरला होता, २०१४ ला उकरल्यावर खरंच सापडला!

जपानच्या निन्टेंडोने यातून धडा घेतला. १९८५ ला अमेरिकेत एनईएस हा कन्सोल आणला तो आत लॉकची चिप घालूनच, म्हणजे परवानगीशिवायचा गेम चालणारच नाही, आणि वर गेम बनवणाऱ्यांना अटी, की वर्षाला पाचच गेम काढायचे, कॅसेट आम्हीच बनवणार, तो गेम दोन वर्षं दुसऱ्याच्या मशीनवर नाही. सरळ दादागिरी, पण चालली. आता गंमत बघा, एनईएसचं जपानमधलं मूळ रूप फॅमिकॉम (१९८३), त्यात ही चिप नव्हतीच, त्यामुळे त्याच्या नकला धडाधड निघाल्या आणि नव्वदीत आपल्याकडे स्टेशनजवळच्या दुकानात नुसतं 'व्हिडीओ गेम' म्हणून जे मिळायचं ते बहुतेक हेच. लाखो गेम आहेत असं लिहिलेली कॅसेट, आत मोजके गेम नावं बदलून बदलून, नाही चालली की फुंकर मारायची आणि परत लावायची. मे महिन्याच्या सुट्टीत भाड्याने पण मिळायचा. म्हणजे पोरांना मारिओ पाठ, कॉन्ट्रा पाठ, आणि निन्टेंडोचं नाव कोणाला माहीत नाही, छदाम मिळणं तर लांबच.

मधे सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीने सोनिक हा गेम घेऊन (१९९१) निन्टेंडोला अमेरिकेत चांगला घाम फोडला, पण खरा भिडू निन्टेंडोने स्वतःच्याच हाताने तयार केला. सोनी त्यांच्यासाठी सीडीवाला कन्सोल बनवत होती. १९९१ च्या जूनमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने तो जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने त्याच प्रदर्शनात सांगितलं की आम्ही फिलिप्ससोबत जातोय! करारात सीडीवरच्या गेम्सचा ताबा सोनीकडे जात होता, म्हणून हा डाव. सोनीचा इंजिनियर केन कुतारागी मग हट्टालाच पेटला आणि डिसेंबर १९९४ ला जपानमध्ये प्लेस्टेशन आलं. पुढच्या मे महिन्यात लॉस एंजेलिसला सेगाने आपला नवा कन्सोल सॅटर्न ३९९ डॉलरला आजपासूनच विक्रीला असं ऐटीत सांगितलं, तर सोनीचा माणूस स्टेजवर गेला, "२९९" एवढंच बोलला आणि खाली उतरला. माझ्या मते या अख्ख्या धंद्यातलं सगळ्यात भारी भाषण तेच. निन्टेंडो मात्र आपल्या पुढच्या कन्सोलसाठी, एन६४ साठी महागड्या कॅसेटलाच चिकटून बसली, मग स्क्वेअर या गेम बनवणाऱ्या कंपनीने फायनल फँटसी ७ (१९९७) सीडीवर, प्लेस्टेशनसाठी काढला आणि बाकीचे पण तिकडे सरकले.

सीडी बनवायला स्वस्त तशी कॉपी करायलाही स्वस्त. सेगाच्या पुढच्या कन्सोलवर, ड्रीमकास्टवर तर कॉपी केलेली सीडी वरून वेगळी चिप न लावताच चालायची, २००१ ला सेगा मशीनच्या धंद्यातून बाहेर पडली त्यामागे पीएस२ चा (प्लेस्टेशन २) दणका मोठा, पण हेही होतंच. पीएस२ (२०००) जगात १५ कोटींच्या वर खपला. आपल्याकडे विकत घेताना पहिला प्रश्न "चिप मारलेला आहे ना?" हाच, म्हणजे कॉपी केलेल्या डिस्क चालवणारी चिप, कारण ओरिजिनल डिस्कचा भाव परवडायचा कोणाला. डबा विकून गेमवर कमवायचं हे गणित इथे लागूच होत नव्हतं, तरी सोनी टिकून राहिली, इतकी की २०११ ला रा.वनचा गेम निघाला तोही पीएस३ च्या जोडीला पीएस२ वर.

मायक्रोसॉफ्ट नोव्हेंबर २००१ ला हेलो घेऊन उतरली. एक्सबॉक्स ३६० भारतात २००६ ला आला, जाहिरातीला अक्षय कुमार आणि युवराज सिंग, सगळा थाट. मग मशीन बंद पडून लाल दिवे लागायला लागले आणि २००७ ला कंपनीला दुरुस्तीसाठी १ अब्ज डॉलरच्या वर बाजूला काढावे लागले. तरी पीएस३ अमेरिकेत ५९९ डॉलरपर्यंत असल्यामुळे ३६० निभावून गेला, आणि या दोघांच्या मारामारीत स्वस्तातला आपला वी (Wii) हा कन्सोल १० कोटी खपवून निन्टेंडो गालात हसत बसली.

खरा घोळ २०१३ चा. ३६० नंतरच्या एक्सबॉक्स वनवर जुन्या डिस्क विकायला-द्यायला बंधनं येणार असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं, तर सोनीने एक छोटा व्हिडीओ काढला, त्यात एक माणूस दुसऱ्याला डिस्क हातात देतो, झालं! मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच माघार घेतली, पण किंमत सोनीच्या पीएस४ पेक्षा १०० डॉलरने जास्त होती ती होतीच. भारतात पीएस४ जानेवारी २०१४ ला आला आणि एक्सबॉक्स वन सप्टेंबरात, भाव दोघांचाही ३९,९९०, म्हणजे आठ महिने सोनीला मैदान मोकळं. इथला सगळा खेळच जुन्या डिस्कच्या अदलाबदलीवर चालतो, एक जण घेतो, संपवतो, विकतो, त्याच पैशात दुसरा गेम. त्यामुळे एकदा ग्रुपमध्ये पीएस४ आला की पुढचे सगळे तोच घेणार.

तिथून मायक्रोसॉफ्टने मशीन मोजणंच हळूहळू सोडलं. २०१७ ला गेम पास, म्हणजे महिन्याचे पैसे भरा आणि बरेच गेम खेळा, मग ६९ अब्ज डॉलरला अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम बनवणारी कंपनीच विकत (सौदा पूर्ण ऑक्टोबर २०२३). एवढे पैसे ओतल्यावर गेम एकाच डब्यापुरते ठेवणं परवडत नाही, म्हणून २०२४ पासून एकेक गेम सोनीकडे जायला लागला. सोनीपण काही साधू नाही, २०२४ चा पीएस५ प्रो आलाय तोच डिस्क ड्राइव्हशिवाय, ड्राइव्ह हवा तर वेगळे पैसे मोजा. आणि एक्सबॉक्सचा सगळ्यात स्वस्त सिरीज एस, त्यात डिस्क घालायला जागाच नाही, गेम घेतला की तो तुमच्या अकाउंटलाच चिकटला, संपल्यावर विकणार काय आणि कोणाला.