डबल मागितलं, एकच पलंग मिळाला

"डबल रूम म्हणजे दोन पलंगांची खोली ना?" हा प्रश्न मला दर बॅचला पहिल्या आठवड्यात येतोच. प्रश्न कसला, विधानच असतं ते. 'ना' फक्त माझ्या समाधानासाठी. मी ठाण्यात परदेशी निघालेल्या ज्येष्ठांना प्रवासापुरतं इंग्रजी शिकवते. बहुतेक जण मुलाकडे नाहीतर लेकीकडे चाललेले असतात. मुलांना रजा नसते, म्हणून तीच आईबाबांना चार दिवस कुठेतरी फिरायला पाठवतात, आणि तिथे हॉटेलच्या काउंटरवर यांची गाठ 'डबल' आणि 'ट्विन' या दोन शब्दांशी पडते.

डबलबद्दल फार सांगायला नको, तो तुमच्या घरात आहे. फर्निचरच्या दुकानात जाऊन डबल बेड मागितला आणि टेम्पोतून दोन खाटा आल्या, असं कुणाचं झालेलं मला माहीत नाही. दोघांचा मिळून एक पलंग तो डबल बेड, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. मग 'बेड' जाऊन तिथे 'रूम' आली की डोक्यातला अर्थ का बदलतो?

माझ्या मते दोष आपल्या लॉजच्या पाटीचा आहे. काउंटरमागे रंगवलेलं असायचं: सिंगल इतके, डबल इतके, एक्स्ट्रा पर्सन इतके. खोली तीच, पलंगही तोच. एकटे उतरलात तर सिंगलचा दर, दोघे उतरलात तर डबलचा. तिथे मोजली जातात ती माणसं. उलट पुण्यात शिकायला राहिलेल्या प्रत्येकाला 'कॉट बेसिस' माहीत असतं. तिथे पैसे खाटेचे, आणि एका खाटेवर एकच माणूस. हे दोन हिशेब आपण मनात एकत्र करतो. डबल म्हणजे दोन माणसं, माणशी एक खाट, म्हणून डबल म्हणजे दोन खाटा. गणित चोख, उत्तर चूक. त्यात भर म्हणून आपल्याकडे बऱ्याच हॉटेलांत दोन सुटे पलंग जोडून वर एकच मोठी चादर घालून ठेवलेली असते. रूमबॉयला सांगितलं की तो दोन मिनिटांत पलंग ओढून वेगळे करून देतो. पलंग म्हणजे ओढला की दोन होतात, ही सवय मग परदेशातही सोबत जाते.

तिथे डबल रूममधला पलंग बहुधा एक आणि अखंड. ओढायला काही नसतं.

ट्विन रूम म्हणजे एका खोलीत दोन सुटे पलंग. ट्विन म्हणजे जुळी. एका बॅचला एका मावशींनी "ट्विन म्हणजे तीन ना?" असं अगदी मनापासून विचारलं होतं, कारण कानाला तसंच लागतं. तेव्हापासून मी फळ्यावर दोन सारख्या मुलींचं चित्र काढते. बहिणी-बहिणी, मित्र-मित्र, बाप-लेक आणि ज्यांना एकमेकांच्या घोरण्यापासून निदान दीड फूट अंतर हवं अशी सगळी जोडपी, यांनी ट्विन मागायची.

आता ज्यांच्यामुळे मी हा धडा तासाभराचा केला, त्या नणंद-भावजयांबद्दल. दोघी साठीच्या, चाळीस वर्षांचा एकमेकींशी गोड पण सांभाळून वागण्याचा सराव. लंडनच्या मुलाने त्यांना एडिंबरा बघायला पाठवलं. खोली भावजयबाईंनी स्वतः फोन करून ठरवली, कौतुक आहे. फोनवर त्या म्हणाल्या, "रूम फॉर टू, डबल." खोलीत जाऊन बघतात तो साडेचार फुटांचा एक पलंग आणि त्यावर एक दुलई. खाली येऊन संवाद झाला तो असा:

"वी आस्क्ड फॉर डबल."

"येस मॅडम, इट इज अ डबल."

"नो नो. डबल!"

"येस मॅडम."

आवाज वाढवला की अर्थ पोचतो, असा आपला एक राष्ट्रीय समज आहे. इथे तर दोन्ही बाजू एकच शब्द म्हणत होत्या आणि दोन्ही आपापल्या परीने बरोबर होत्या. बदलून द्यायला दुसरी खोली नव्हती, कारण महिना ऑगस्टचा होता आणि ऑगस्टमध्ये एडिंबरात महोत्सवामुळे पाय ठेवायला जागा नसते. नणंदबाईंनी तीन रात्री भिंतीकडे तोंड करून काढल्या आणि परत आल्यावर वर्गात मला सांगितलं, "बाई, व्याकरण राहू दे, आधी पलंग शिकवा."

साडेचार फुटांचा हिशेब लक्षात घ्या. ब्रिटनमध्ये डबल म्हणजे 4 फूट 6 इंच रुंदी, 135 सेंटिमीटर. दोघांत वाटले तर माणशी सव्वादोन फूट. तिथला सिंगल 3 फुटांचा असतो. म्हणजे डबलमध्ये झोपणाऱ्या प्रत्येकाला सिंगलपेक्षा कमी जागा मिळते. नवरा-बायको असाल आणि अंगाने बेताचे असाल तरच ब्रिटिश डबलच्या वाटेला जा, नाहीतर किंग मागा. तो 5 फुटांचा असतो. शिवाय तिथल्या काही हॉटेलांत दोन सिंगल गाद्या मध्ये चेन लावून एक केलेल्या असतात, तिला 'झिप अँड लिंक' म्हणतात. ती मात्र वेगळी होऊ शकते, पण आधी कळवलं तर. रात्री दहाला पोचून "जरा वेगळे करा ना" म्हणालात तर ते काम करणारी माणसं घरी गेलेली असतात.

अमेरिकेत गाडी दुसऱ्याच रुळावर जाते, आणि ब्रिटनपुरतं नीट शिकून गेलेली माणसं नेमकी इथे पडतात. तिथे ट्विन हे खोलीपेक्षा पलंगाच्या मापाचं नाव आहे. ट्विन म्हणजे एकट्याचा साधारण सव्वातीन फुटी पलंग, डबल किंवा फुल म्हणजे साडेचार फूट, क्वीन 5 फूट, किंग 6 फूट 4 इंच. (ब्रिटनचा किंग आणि अमेरिकेची क्वीन एकाच रुंदीचे. हे कुणी ठरवलं ते त्यांचं त्यांना माहीत.) अमेरिकी हॉटेलांत नेहमी आढळतात त्या खोल्या दोन प्रकारच्या: 'वन किंग' किंवा 'टू क्वीन्स'. म्हणून तुम्ही शहाण्यासारखं "ट्विन रूम प्लीज" म्हणालात तर काउंटरवरची मुलगी सांगू शकते की ट्विन नाहीत, टू क्वीन्स आहेत. आमचे एक काका ते ऐकून "नको नको" म्हणाले. दोन राण्या कशाला हव्यात! खरं तर त्यांना हवी होती तीच खोली ती देत होती. दोन पलंग, तेही ऐसपैस.

यात आपल्या जिभेचाही एक घोटाळा आहे आणि तो एकही पुस्तक सांगत नाही. मराठीत गरीब, वकील, जमीन अशा शब्दांत शेवटच्या अक्षराआधीची वेलांटी आपण लांबवतो. त्या सवयीने 'ट्विन'चं 'ट्वीन' होतं. फोनवर अमेरिकी कानाला 'ट्वीन' हे 'क्वीन'सारखं ऐकू जातं आणि तुमच्या नावावर एक क्वीन बेड लागतो. म्हणजे पुन्हा एकच पलंग, पुन्हा भिंतीकडे तोंड. वर्गात मी सगळ्यांकडून 'ट्विन' आखूड म्हणवून घेते, उचकी लागल्यासारखं. हसतात, पण जमतं.

जर्मनी आणि ऑस्ट्रियात आणखी तिसरंच. तिथे डबल मागितलं तर पुष्कळदा लाकडी चौकट एक, पण आत गाद्या दोन आणि दुलया दोन. मधल्या फटीला जर्मन लोक 'पाहुण्याची फट' म्हणतात. मला विचाराल तर जगातली सर्वांत समंजस व्यवस्था हीच. जपानात 'सेमी डबल' दिसला तर जपून. पलंग साधारण 120 सेंटिमीटरचा असतो आणि तो दोघांसाठी म्हणूनही विकतात.

एवढं सगळं पाठ करायचं का? नाही. माझा वर्षानुवर्षांचा आग्रह एकच आहे: खोलीचं नाव घेऊच नका, आकडे सांगा. "वन रूम, टू पीपल, टू बेड्स." तीन आकडे, त्याच क्रमाने. पहिला आकडा गाळलात तर दोन खोल्या मिळण्याची भीती. तिसरा गाळलात तर झालं ते "रूम फॉर टू", आणि त्याचा अर्थ पुष्कळ ठिकाणी एक पलंग. मग समोरच्याने खोलीचं काहीही नाव घेऊ दे, आपण उलट विचारायचं, "हाऊ मेनी बेड्स इन द रूम?" आणि उत्तरात 'टू' ऐकू येईपर्यंत फोन ठेवायचा नाही. 'आर' गळलं, 'देअर' राहिलं, कुणी मार्क कापत नाही. बाजारात मिळणाऱ्या संभाषणाच्या पुस्तकांवर माझा राग आहे तो याचसाठी. "आय वुड लाइक टू अव्हेल अ रूम" असली सुटाबुटातली वाक्यं पानभर, आणि पलंग किती, हा साधा प्रश्न कुठेच नाही. 'अव्हेल' तर विसराच. तो शब्द आपल्या सरकारी अर्जांत शोभतो.

ऑनलाइन बुकिंगमध्ये 'डबल ऑर ट्विन' असं लिहिलेलं दिसलं की लोक निर्धास्त होतात. तिथे तुम्ही ट्विनवर टिचकी मारता ती पुष्कळदा फक्त विनंती असते. खाली 'स्पेशल रिक्वेस्ट'च्या चौकटीत लिहिलेलंही तसंच, जमलं तर देऊ. खोलीच्या नावातच 'टू सिंगल बेड्स' असेल तेव्हा ते खरं. नसेल तर निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलला फोन करा. मुलाने बुक केलंय म्हणजे बघायला नको, असं तर मुळीच धरू नका. मुलं पैसे बघतात, पलंग बघत नाहीत.

बाकीच्या गोष्टींना मी वर्गात दहा मिनिटंच देते. आपण मिसळ खातो ते हॉटेल आणि तिकडचं हॉटेल वेगळं, हे आता सगळ्यांना माहीत आहे. हाफ बोर्ड, फुल बोर्ड यांतला बोर्ड म्हणजे जेवण. 'लॉजिंग-बोर्डिंग'च्या पाट्या वाचत वाढलेल्यांना ते वेगळं शिकवावं लागत नाही. अमेरिकेत फर्स्ट फ्लोअर म्हणजे बहुधा आपला तळमजला. आणि मुलांची खोली शेजारी हवी असेल तर 'कनेक्टिंग' म्हणा, म्हणजे मधे दार असतं. 'ॲडजॉइनिंग' म्हणालात तर नुसती भिंतीला भिंत मिळू शकते.

राहिली ती खाट. ही माझी स्वतःची फजिती, म्हणजे शिकवणारीची. लंडनला मी, नवरा आणि सासूबाई असे तिघे एका खोलीत होतो. पलंग दोन होते, म्हणजे दोघांचा एक आणि एक सुटा, पण सुट्याची गादी इतकी मऊ की सासूबाईंची पाठ धरली. मी तोऱ्यात फोन उचलला आणि म्हणाले, "वन एक्स्ट्रा कॉट, प्लीज." पलीकडच्या मुलाने अत्यंत प्रेमाने विचारलं, "ऑफ कोर्स. हाऊ ओल्ड?" मला वाटलं, म्हाताऱ्या माणसांची किती काळजी घेतात हे लोक. मी म्हटलं, "सेव्हंटी सिक्स." पलीकडे जरा वेळ शांतता.

ब्रिटनमध्ये कॉट म्हणजे बाळाचा कठड्याचा पलंग. मोठ्या माणसासाठी 'फोल्डिंग बेड' म्हणायचं. अमेरिकेत कॉट म्हटलं तर घडीची खाट समजतात, पण तिथे हॉटेलात 'रोलअवे' हा शब्द जास्त चालतो आणि बाळाच्या पलंगाला 'क्रिब' म्हणतात. हे सगळं मला नंतर नीट कळलं. त्या रात्री वीस मिनिटांनी दार वाजलं आणि तो मुलगा पांढऱ्या कठड्याचा, अस्वलांच्या चादरीचा छोटासा पलंग ढकलत आत आला. सासूबाईंनी चष्मा लावून तो नीट बघितला, अस्वलांवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "झोपते की. अंगाई कोण म्हणणार, तू का तो?"