एका मुंगीला शॉक, मग शेकडो मुंग्यांची रास

आमच्या एसीने एका दुपारी गार हवा देणे बंद केले. आतला पंखा फिरत होता, रिमोटचे बटण दाबले की नेहमीचा आवाज येत होता, पण हवा खोलीचीच. बाहेरच्या युनिटपाशी कान नेला तर कंप्रेसरची घरघर नव्हती. ऐकू येत होती ती नुसती एकसुरी, बारीक गुणगुण. मेकॅनिक आला आणि झाकण न उघडताच म्हणाला, "गॅस संपलाय, भरून घ्या."

हा गैरसमज इतका पसरलेला आहे की आधी त्याविषयी सांगतो. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून खर्च होत नाही. बंद नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. शिवाय आमचा कंप्रेसर चालून गार करत नव्हता असे नव्हते, तो सुरूच होत नव्हता. म्हणून मेन स्विच बंद करून झाकण उघडायचा आग्रह धरला.

आत काँटॅक्टरच्या, म्हणजे कंप्रेसरची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, फटीत काळसर-तपकिरी भुसा ठासून भरलेला होता. चिमटीत घेऊन भिंगाखाली धरला तेव्हा भुशाला पाय दिसले. वाळलेल्या, एकमेकींत अडकलेल्या शेकडो मुंग्या. काहींचे कोळसे झालेले, काही जबडे मिटून शेजारणीचा पाय पकडलेल्या. "मुंग्यांनी वायर खाल्ली," हा पुढचा निष्कर्ष लगेच आला. वायरींची आवरणे मात्र सगळी शाबूत होती. मुंग्या कधीमधी आवरण कुरतडतात, पण इथे बिघाड वेगळ्याच कारणाने झाला होता, आणि ते कारण मला फार मोलाचे वाटते.

शाळेत खिळ्याभोवती तार गुंडाळून विद्युतचुंबक केलेला आठवत असेल. काँटॅक्टर म्हणजे तोच खिळा, जरा मोठ्या कामाला लावलेला. कॉइलमध्ये थोडासा प्रवाह सोडला की ती लोखंडाचा हलता तुकडा खाली खेचते. त्या तुकड्यावर चांदीच्या मिश्रधातूचे दोन पॉइंट असतात. ते समोरच्या पॉइंटांवर दाबले गेले की कंप्रेसरचा भारी प्रवाह वाहू लागतो. कॉइलमध्ये प्रवाह नसतो तेव्हा समोरासमोरच्या पॉइंटांत काही मिलिमीटरचे अंतर असते. लहान जातीच्या मुंगीची लांबीही साधारण तितकीच.

यंत्रात किडा अडकण्याची सर्वांत प्रसिद्ध घटना ९ सप्टेंबर १९४७ ची. हार्वर्डच्या मार्क टू या संगणकाच्या रिलेत, म्हणजे काँटॅक्टरसारख्याच छोट्या विद्युतचुंबकी स्विचमध्ये, एक पतंग सापडला आणि तंत्रज्ञांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. संगणकातल्या चुकीला 'बग' म्हणणे तिथून सुरू झाले असे हटकून सांगितले जाते. ते खरे नाही. यंत्रातल्या दोषासाठी हा शब्द एडिसनने १८७८ मध्येच पत्रात वापरला होता. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की तो पतंग एकटा होता. मुंग्यांच्या बाबतीत एकीवर भागत नाही.

उबदार, कोरडी, अरुंद जागा मुंग्यांना आवडते, आणि काँटॅक्टरची प्लास्टिकची डबी तशीच असते. वाट शोधणारी एखादी कामकरी मुंगी आत शिरते. तारेवर बसलेल्या पक्ष्याला शॉक बसत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच व्होल्टेजवर असतात. मुंगीही एकाच पॉइंटवर फिरत असेल तोवर सुखरूप असते. पण पुढचे पाय एका धातूवर आणि मागचे दुसऱ्यावर पडले की तिच्या अंगातल्या खारट द्रवातून प्रवाह वाहतो.

आता ती काय करते ते पाहा. ती पोटाचा मागचा भाग वर उचलते आणि ग्रंथींमधली रसायने हवेत सोडते. एकाच जातीच्या प्राण्यांमध्ये निरोप नेणाऱ्या अशा रसायनांना 'फेरोमोन' म्हणतात. हा शब्द १९५९ मध्ये कार्लसन आणि ल्युशर या शास्त्रज्ञांनी घडवला. त्याच वर्षी मुंग्यांचे अभ्यासक ई. ओ. विल्सन यांनी आगमुंगीच्या (फायर अँट) पोटातली एक चिमुकली ग्रंथी काढून तिच्या अर्काची रेघ ओढली आणि मुंग्या त्या रेघेवरून चालत गेल्या. मुंग्यांची भाषा बव्हंशी वासाची असते हे त्या साध्या प्रयोगाने डोळ्यांना दाखवले. २००२ साली आगमुंग्यांवरच प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले, की विजेचा झटका बसलेल्या मुंग्या विषातले अल्कलॉइड, धोक्याचा इशारा देणारी द्रव्ये आणि इतर मुंग्यांना बोलावून घेणारी द्रव्ये सोडतात, आणि या वासांकडे बाकीच्या मुंग्या ओढल्या जातात.

धोक्याच्या वासाने पळायचे सोडून त्या जवळ का येतात? कारण वारुळावर हल्ला झाला तर पळून भागत नाही. राणी आणि पिल्ले आत असतात. कामकरी मुंगीला सहसा स्वतःची संतती नसते, तिचे सगळे भवितव्य वारुळात असते. म्हणून अनेक जातींत इशाऱ्याचा अर्थ 'या आणि चावा' असा होतो. जबडे मिटून मेलेल्या मुंग्या मी भिंगाखाली पाहिल्या त्या यामुळेच. त्या दिसेल त्याला चावत होत्या, आणि हल्लेखोर तिथे कोणीच नव्हता.

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती वेळेची. इशाऱ्याचे रेणू छोटे आणि चटकन उडून जाणारे असतात. हार्वेस्टर जातीच्या मुंगीसाठी विल्सन आणि बॉसर्ट यांनी १९६३ मध्ये हिशेब मांडला: स्थिर हवेत हा वास सुमारे १३ सेकंदांत काही सेंटिमीटर पसरतो आणि सुमारे ३५ सेकंदांत विरून जातो. हे अगदी योग्यच आहे. धोका टळल्यावर भोंगा वाजत राहिला तर वारुळाचे काम ठप्प होईल. खरा शत्रू मारला जातो किंवा निघून जातो, नवा इशारा कोणी देत नाही, आणि अर्ध्या मिनिटात शांतता होते.

काँटॅक्टरमधला शत्रू मात्र मरत नाही आणि जातही नाही. मदतीला आलेल्या दुसऱ्या मुंगीलाही तोच झटका बसतो, तीही इशारा सोडते, मग तिसरी, चौथी. विझायला आलेला वास दर वेळी नव्याने भरला जातो, आणि बंद डबीत तो लवकर विरतही नाही. लाखो वर्षे उत्तम चाललेली संरक्षणव्यवस्था इथे गोल फिरत राहते. फट भरली की एसी बंद पडतो. मुंग्यांना वीज 'आवडते' असे काही जण म्हणतात, पण एवढी रास समजून घ्यायला त्या आवडीची गरज पडत नाही.

आता त्या गुणगुणीकडे येऊ. हा भाग थोडा अवघड आहे, पण निदान यातच आहे. आपल्याकडे येणारा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, म्हणजे सेकंदात १०० वेळा शून्यावर येतो. त्यामुळे विद्युतचुंबकाची ओढही सेकंदाला १०० वेळा ढिली पडते. लोखंड थरथरू नये म्हणून चुंबकाच्या तोंडाशी तांब्याची एक कडी बसवलेली असते. तिच्यात प्रेरित झालेल्या प्रवाहामुळे चुंबकत्वाचा एक हिस्सा थोडा मागे रेंगाळतो, आणि एकाची ओढ शून्य होते तेव्हा दुसऱ्याची शिल्लक असते. पण लोखंडाची दोन्ही तोंडे घट्ट टेकली तरच ही युक्ती चालते. मध्ये मुंग्यांचा थर आला की लोखंड थरथरते. ऐकू येते ती हीच थरथर.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. अशा कॉइलमधला प्रवाह तारेच्या रोधापेक्षा कॉइलच्या प्रवर्तनाने, म्हणजे बदलत्या प्रवाहाला तिच्या चुंबकत्वाने होणाऱ्या विरोधाने, जास्त आवरला जातो, आणि लोखंडाची फट मिटली की प्रवर्तन वाढून प्रवाह खूप कमी होतो. मुंग्यांमुळे फट मिटलीच नाही तर कॉइल एरवीच्या कितीतरी पट प्रवाह खात राहते, तापते आणि तिचे वार्निश जळते. पॉइंटांवरही हाल होतात. अर्धवट टेकलेल्या पॉइंटांत ठिणग्या पडतात, मुंग्यांचा कोळसा होतो, चांदीवर खड्डे पडतात. कधी ठिणगीच्या उष्णतेने पॉइंट एकमेकांना चिकटतात, आणि मग उलटा आजार होतो: हवे ते तापमान आल्यावरही कंप्रेसर थांबत नाही आणि खोलीतल्या युनिटच्या गार नळ्यांवर (त्यांनाही कॉइलच म्हणतात) बर्फ साचतो.

तपासणी क्रमाने करावी. रिमोटने एसी बंद केला म्हणजे बाहेरच्या युनिटमधली वीज गेली असे समजू नका, मेन स्विचच पाडावा लागतो. त्यानंतरही कॅपॅसिटरमध्ये, म्हणजे कंप्रेसरला सुरू व्हायला मदत करणाऱ्या, वीज साठवणाऱ्या भागात, भार शिल्लक असतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. म्हणून त्या पेटीत हात घालायचे काम जाणकाराचेच. आपण विचारायचे प्रश्न तीन. कॉइलला व्होल्टेज मिळते का? मिळत असेल तर लोखंड पूर्ण खाली बसते का? बसत असेल तर पॉइंटांच्या पलीकडे पूर्ण व्होल्टेज पोहोचते का? पहिल्याचे उत्तर 'नाही' असेल तर दोष थर्मोस्टॅट, पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी) किंवा वायरिंगमध्ये आहे. दुसऱ्याचे किंवा तिसऱ्याचे 'नाही' असेल तर काँटॅक्टरमध्ये. तिन्हींचे 'हो' असूनही कंप्रेसर नुसता कण्हत असेल तर आधी कॅपॅसिटर पाहावा. इन्व्हर्टर एसीत बहुधा असा काँटॅक्टर नसतो. तिथे मुंग्या आणि झुरळे पीसीबीवर उपद्रव करतात, ओलसर विष्ठेतून प्रवाह गळतो.

पॉइंट कानशीने घासून चालू करून देण्याची पद्धत मला मान्य नाही. चांदीचा थर पातळ असतो, तो घासला की खालचा धातू उघडा पडतो आणि थोड्या दिवसांत पॉइंट पुन्हा जळतात. काँटॅक्टर बदलावा, मिळाल्यास बंदिस्त पॉइंटांचा घ्यावा. त्याआधी पेटी ब्रशने झाडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळवावी. मेलेल्या मुंग्या आणि वाटेवरचे वास तसेच राहिले तर पुढच्या मुंग्यांना रस्ता आयताच मिळतो. वायर आत शिरते ती भोके सिलिकॉनने किंवा पुटीने बुजवावीत, हवा खेळायच्या जाळ्या मात्र मोकळ्या ठेवाव्यात. पेटीत कीटकनाशकाचा फवारा मारू नये. त्यातला फवारा बाहेर ढकलणारा वायू बहुधा ज्वालाग्राही असतो आणि काँटॅक्टर ठिणग्या पाडतो. वारुळाचा बंदोबस्त युनिटपासून दूर ठेवलेल्या, हळू काम करणाऱ्या आमिषाने होतो. मुंग्या अन्न तोंडातून तोंडात वाटतात, त्यामुळे विष राणीपर्यंत जाते. झटपट मारणाऱ्या विषाने फक्त वाटेवरच्या मरतात.

अल्ट्रासॉनिक आवाजाने कीटक पळवणारी प्लगमधली खेळणी घेऊन पैसे घालवू नका. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये साठाहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना बजावले होते, की असे दावे शास्त्रीय पुराव्याने सिद्ध करावे लागतील. वासाच्या भाषेत बोलणाऱ्या जिवाला आवाजाने हाकलायचे, ही कल्पनाच मुळात लंगडी आहे.

आणि खरोखरच गॅस गळत असेल तर? तांब्याच्या नळीच्या तपासणी अहवालात कधी 'मुंग्यांच्या वारुळासारखे गंजणे' असा उल्लेख असतो, आणि दोष पुन्हा मुंग्यांवर येतो. तिथे मुंग्यांचा हात नसतो. नळीचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की वारुळातल्या वाटांसारखी वळणावळणाची बिळे दिसतात, म्हणून ते नाव. काम फॉर्मिक किंवा ॲसेटिक आम्लाचे असते. ही आम्ले प्लायवूड, रंग, गोंद, काही तेले यांतून किंचित बाहेर पडतात. ओलावा आणि ऑक्सिजन सोबत असला की तांब्याचे क्युप्रस फॉर्मेट होते. त्याचे ऑक्सिडीकरण होऊन क्युप्रस ऑक्साइड आणि क्युप्रिक फॉर्मेट बनते, आणि ते क्युप्रिक फॉर्मेट पुन्हा ताज्या तांब्याला धरते. आम्ल खर्च न होता चक्र चालू राहते, त्यामुळे थोडेसे आम्लही पुरते. फॉर्मिक हे नाव मात्र मुंगीवरूनच पडले: १६७१ मध्ये जॉन रे याने मुंग्यांच्या ऊर्ध्वपातनातून मिळालेल्या आम्लाचे वर्णन केले होते. तरी सगळ्याच मुंग्यांत ते नसते, आगमुंगीचे विष मुख्यतः अल्कलॉइडचे असते. अशा नळीत एक भोक सापडले तरी शेजारी अर्धवट पोखरलेली अनेक असतात, म्हणून डाग देऊन भागत नाही, खोलीतल्या युनिटमधली नळ्यांची पूर्ण कॉइल बदलावी लागते.